विश्लेषण : गुन्हेगारी रक्तातून येते का? उमाजी नाईकांचे आयुष्य काय सांगते?

गुन्हेगारी वंशपरंपरेने येते, हे गृहीत धरून ब्रिटिशांनी १८७१ मध्ये ‘क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्ट’ आणला. महाराष्ट्रात आज ज्या १४ जमाती विमुक्त म्हणून ओळखल्या जातात, त्यात रामोशी आहेत. याच समाजातल्या उमाजी नाईकांना इंग्रजांनी त्या कायद्याच्या ३९ वर्षे आधी फाशी दिली होती.

कोण होते उमाजी नाईक?

पुरंदर तालुक्यातल्या भिवडीत १७९१ मध्ये खोमणे घराण्यात त्यांचा जन्म झाला. पुरंदर किल्ल्याची राखण हे इथल्या रामोशांचे पिढीजात काम. गावात चोरी झाली तर माग काढायचा तोही रामोशानेच. म्हणजे वारशात काही आलेच असेल, तर ती राखणदारी होती! दुसऱ्या बाजीरावाच्या काळात किल्ल्याचे काम गेले, १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि उरलेसुरले हक्कही धोक्यात आले.

उमाजी तुरुंगात गेले, तिथे लिहायला-वाचायला शिकले. सुटल्यावर टोळी उभी केली. सरकारी खजिना आणि सावकारांबरोबर या टोळीने गावेही लुटली, हे झाकण्यात अर्थ नाही. पण पुढे घडले ते चक्रावून टाकणारे आहे. उमाजी हाती लागेनात, तेव्हा कंपनी सरकारने त्यांना माफी दिली आणि डोंगरी मुलखाच्या बंदोबस्तासाठी पगारी चाकरीत घेतले. म्हणजे ज्याला दरोडेखोर म्हटले, तोच पोलीस!

हा समेट टिकला नाही. १८३१ मध्ये त्यांनी कंपनीविरुद्ध जाहीरनामा काढला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये फितुरीने ते पकडले गेले. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्यांना फाशी झाली. त्यांना पकडण्याच्या मोहिमेतल्या कॅप्टन मॅकिन्टॉशने पुढच्याच वर्षी त्यांच्यावर पुस्तक लिहिले, तेही अख्ख्या रामोशी जमातीची हकिकत म्हणून.

जनुकशास्त्र काय म्हणते?

१८७१ मध्ये जनुक हा शब्दही नव्हता. १९९३ मध्ये नेदरलँड्समधील एका कुटुंबात ‘एमएओए’ जनुकातला बिघाड आणि हिंसक वर्तन यांचा संबंध आढळला, पण तो बिघाड अत्यंत दुर्मीळ आहे. इतर अभ्यासांत अनेक जनुकांचा थोडाथोडा प्रभाव दिसतो, आणि तोही बालपण व परिस्थितीशी गुंतलेला. एखादी जमातच गुन्हेगार ठरेल, असे यातून काहीही निघत नाही.

तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर रद्द झाला. मात्र सराईत गुन्हेगारांसाठी राज्यांनी वेगळे कायदे केले. मुंबई राज्याचा कायदा १९५९ मधला आहे.