भुकेल्यांची माउली

सावित्रीबाई फुले यांचे नाव निघाले की पुण्यातील मुलींची शाळा डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु ज्या मायेने त्यांनी मुलींना अक्षरे गिरवावयास शिकविली, त्याच मायेने दुष्काळात भुकेल्यांच्या मुखी घास पडावा म्हणून त्या गावोगाव झटल्या.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. वडील खंडोजी नेवसे हे गावचे पाटील. १८४० साली, वयाच्या नवव्या वर्षी, त्यांचा विवाह पुण्याच्या जोतिराव फुले यांच्याशी झाला. पतीपाशी त्या लिहावयास-वाचावयास शिकल्या आणि १८४८ साली भिडे यांच्या वाड्यात निघालेल्या मुलींच्या शाळेत शिकवू लागल्या. वाटेत लोक अंगावर शेण व चिखल फेकीत. तरी त्यांनी शाळेची वाट सोडली नाही. २४ सप्टेंबर १८७३ रोजी जोतिरावांनी सत्यशोधक समाजाची स्थापना केली. त्यानंतर तीनच वर्षांनी या समाजाची कसोटी पाहणारा प्रसंग आला.

१८७६ साली पावसाने दगा दिला आणि दख्खनवर भीषण दुष्काळ कोसळला. ओढे-नाले आटले, चाऱ्यावाचून गुरे तडफडून मेली. शेतकरी आधीच कर्जात बुडालेला होता. १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले होते. आता शेतात काम उरले नाही, म्हणून मजुरी बंद झाली, आणि धान्याचे भाव आभाळाला भिडले. बाजारात धान्य दिसे, परंतु ते विकत घेण्यास गरिबाच्या गाठीला पैसा नव्हता. सरकारने दुष्काळी कामे काढली. पण तेथे मिळणाऱ्या मजुरीत पोट भरत नसे. कित्येकांनी गाव सोडले. काहींवर तर पोटची मुले विकण्याची पाळी आली.

अशा वेळी सावित्रीबाई जुन्नर भागातील ओतूर येथे गेल्या. तेथील हाल त्यांनी एप्रिल १८७७ मध्ये जोतिरावांना पत्राने कळविले. पण केवळ हळहळून त्या थांबल्या नाहीत. सत्यशोधकांनी समित्या नेमल्या, मदतीसाठी पथके उभारली आणि गरजूंना धान्य पोचविण्याचे काम वाटून घेतले. सावित्रीबाई दुष्काळी गावांतून हिंडल्या. त्यांच्याबरोबर आलेल्या सज्जनांनी लोकांचे हाल डोळ्यांनी पाहिले आणि द्रव्यसाहाय्य केले.

हे काम निर्वेध चालले नाही. सावकारांच्या जुलमामुळे दंगे उसळले आणि बंदोबस्तासाठी आलेल्या पोलिसांनी पन्नास सत्यशोधकांनाच पकडले. अन्न वाटणारे हातच असे बांधले गेले, तर उपाशी माणसांनी कोणाकडे पाहावे? सावित्रीबाई कलेक्टरांना भेटल्या आणि या निरपराध माणसांवर खोटे आळ का घेतले, असा जाब त्यांनी निर्भयपणे विचारला. कलेक्टर न्यायी होते. त्यांनी सर्वांची सुटका केली; एवढेच नव्हे, तर लोकांची दैना पाहून चार गाड्या जोंधळा पाठविला.

दुष्काळात सर्वांत अधिक हाल मुलांचे होत. मोठी माणसे निदान खडी फोडून चार दमड्या मिळवीत. लहानग्यांनी काय करावे? त्यांच्यासाठी सत्यशोधक समाजाने पुण्याजवळ धनकवडी येथे व्हिक्टोरिया बालाश्रम चालविला. एक दिवसाच्या अन्नदानाने पुण्य लाभेल, पण मूल जगत नाही; त्याला रोज वेळेवर अन्न मिळावे लागते. हा भार एकट्याला पेलणारा नव्हता. म्हणून १८७७ च्या मे महिन्यात जोतिरावांनी पत्रक काढून लोकांना यथाशक्ति साहाय्य करण्याची विनंती केली.

१८९० साली जोतिरावांचे निधन झाले. सावित्रीबाईंनी मात्र सेवाव्रत सोडले नाही. १८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले, तेव्हा त्यांचे दत्तक पुत्र डॉक्टर यशवंत यांनी हडपसरजवळ माळावर दवाखाना उघडला. मुंढवे येथील एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई त्या दवाखान्यात आल्या. त्या सेवेतच त्यांना प्लेगने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेवला.

सावित्रीबाईंजवळ राजाची कोठारे नव्हती की सावकाराची तिजोरी नव्हती. तरीही शेकडो उपाशी जिवांपर्यंत त्या पोचल्या. कारण त्यांनी माणसे एकत्र आणली. कोणी धान्य दिले, कोणी पैसा दिला, कोणी केवळ आपले श्रम दिले. शेजारच्या घरची चूल पेटली नाही याची ज्या गावाला खबर असते आणि लाज वाटते, त्या गावात कोणी उपाशी निजत नाही. त्या कठीण काळात सावित्रीबाईंनी ही जाणीव जागी ठेवली.