थोर गायक नट बालगंधर्व

या महिन्यात आपल्या भित्तिपत्रकात थोर व्यक्तींची चरित्रे लावायची आहेत. बाईंनी सांगितले की ज्याला जो आवडतो तो त्याने निवडावा. शिवाजी महाराज पाच जणांनी घेतले. सावित्रीबाई तिघींनी घेतल्या. मी बालगंधर्व घेतले, तर अर्धा वर्ग म्हणाला हे कोण. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बालगंधर्वांचे खरे नाव नारायण श्रीपाद राजहंस. त्यांच्या आईचे नाव अन्नपूर्णाबाई. त्यांचा जन्म २६ जून १८८८ रोजी झाला. राजहंसांचे गाव नागठाणे. हे गाव कृष्णाकाठी, आताच्या सांगली जिल्ह्यात आहे. नारायणाचा आवाज लहानपणापासून फार गोड होता. तो दहा वर्षांचा असताना पुण्यात लोकमान्य टिळकांनी त्याचे गाणे ऐकले आणि हा तर बालगंधर्व आहे असे कौतुक केले. गंधर्व म्हणजे स्वर्गातले गवई. तेव्हापासून तेच नाव पडले आणि म्हातारपणीसुद्धा ते बालगंधर्वच राहिले. दहा वर्षांचा म्हणजे माझ्याएवढाच. आम्हाला तर अजून परिपाठात कविता म्हणायला उभे केले की घाम फुटतो.

मला त्यांची माहिती मार्केट यार्डात मिळाली. हे ऐकून तुम्ही हसाल, पण खरे आहे. आमची शेवंती पुण्याच्या मार्केट यार्डात जाते. दसरा-दिवाळीला माल जास्त असतो, तेव्हा सुट्टीत मीपण अण्णांबरोबर टेंपोतून जातो. रात्री निघायचे, दिवे घाट उतरायचा आणि हडपसरवरून गुलटेकडीला यायचे. मार्केट यार्डात रात्री झोप नावाची गोष्टच नाही. ट्रक येतात, पोती उतरतात, हमाल पाठीवर ओझे घेऊन पळत असतात आणि वाटेत उभे राहिले की बाजूला व्हा म्हणून ओरडतात. माझे मामा तिथे हमाली करतात. फुलांच्या बाजूला एक म्हातारे राखणदार बाबा बसतात. ते मोबाईलवर रात्रभर नाटकातली गाणी लावतात. मला आधी वाटले बाईच गाते आहे. बाबा म्हणाले की नीट ऐक, हा गडी माणूस आहे. मला खरे वाटेना. मग त्यांनी सगळी गोष्ट सांगितली आणि शाळेत आल्यावर बाईंनी वाचनालयातले पुस्तक दिले. दोन्ही मिळून हे लिहिले आहे.

आधी संगीत नाटक म्हणजे काय ते सांगतो. आपल्याकडे १८४३ साली सांगलीला विष्णुदास भावे यांनी सीतास्वयंवर हे नाटक केले. तिथून मराठी नाटकाची सुरुवात मानतात. पण त्या नाटकात गाणी सूत्रधारच म्हणायचा. बाकीचे राम, सीता, राक्षस आपापले काम करायचे. पुढे बेळगावकडचे अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी पारशी कंपनीचे गाण्याचे नाटक पाहिले आणि असे मराठीत का नको असे त्यांच्या मनात आले. त्यांनी शाकुंतल लिहिले. त्याचा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झाला. यात जो बोलतो तोच गातो. राजाला राग आला तर राजाच गाऊन दाखवतो. लोकांना हे लई आवडले. मग १८८२ साली सौभद्र आले. त्यात भाऊराव कोल्हटकर सुभद्रा व्हायचे. १८८५ साली अण्णासाहेब वारले, तेव्हा ते फक्त ४२ वर्षांचे होते. १९०१ साली भाऊरावही वारले. किर्लोस्कर कंपनीला आता तसा गाणारा कोणी मिळेना.

इकडे नारायणाला कानाचा त्रास होता. कोल्हापूरच्या शाहू महाराजांना त्याचे गाणे आवडले होते. त्यांनी त्याला उपचारासाठी मिरजेला पाठवले. त्याच वेळी किर्लोस्कर कंपनीचा मुक्काम मिरजेत होता. महाराजांच्या शब्दावरून १९०५ साली नारायण कंपनीत गेला आणि शकुंतला झाला. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. मला वाटते, कान दुखला नसता तर बालगंधर्व नाटकात आलेच नसते.

आता तुम्ही विचाराल की शकुंतला बाई आणि नारायण मुलगा, हे कसे? त्या काळी घरंदाज बायका नाटकात काम करत नसत. लोक नावे ठेवत. म्हणून पुरुषच लुगडे नेसून काम करायचे. आपल्या शाळेच्या स्नेहसंमेलनात मला जिजाऊंचे काम मिळाले होते. काही मुले मला आठवडाभर बाई बाई म्हणून चिडवत होती. त्यांची नावे मी लिहीत नाही. पण त्यांना हे सांगतो की बालगंधर्व नऊवारी नेसून उभे राहिले की पुण्यामुंबईच्या बायका त्यांचे बघून लुगडे नेसायला शिकायच्या. अंबाडा कसा घालावा, गजरा कुठे माळावा, हेसुद्धा. ते एकदा बाईच्या वेषात हळदीकुंकवाला गेले आणि कोणी ओळखलेच नाही, अशी एक गोष्ट सांगतात.

१९११ सालची हकिगत वाचताना मी पुस्तक मिटून ठेवले होते. १२ मार्चला मुंबईत मानापमान नाटकाचा पहिला प्रयोग होता. नाटक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे, चाली गोविंदराव टेंबे यांच्या. बालगंधर्व त्यात भामिनी होते. तिकिटे गेलेली होती. आणि त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी वारली. कंपनीतले सगळे म्हणाले की प्रयोग पुढे ढकलू. बालगंधर्वांनी नको म्हटले. लोक लांबून आलेले आहेत, त्यांचा काय दोष, असे त्यांचे म्हणणे होते. संध्याकाळी ते रंगले, दागिने घातले आणि हसत हसत भामिनीचे काम केले. भामिनी ही श्रीमंत बापाची खोडकर मुलगी आहे, म्हणजे काम हसण्याचेच. मी हे आईला वाचून दाखवले. आई म्हणाली, त्या मुलीच्या आईचे काय झाले असेल त्या रात्री. पुस्तकात त्याबद्दल काही नाही. बालगंधर्वांच्या पत्नीचे नाव लक्ष्मीबाई होते.

१९१३ साली त्यांनी गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्याबरोबर गंधर्व नाटक मंडळी काढली. १९१६ साली स्वयंवर आले. त्यात ते रुक्मिणी. चाली भास्करबुवा बखले यांच्या. बखलेबुवा त्यांचे गुरू होते. साथीला ऑर्गन, सारंगी आणि तबला. ऑर्गन म्हणजे पायाने हवा भरायची मोठी पेटी. तबल्याला पुढे अहमदजान थिरकवाँ होते. हे देशातले मोठे तबलजी. राखणदार बाबांचे वडील तरुणपणी मंडईत पाटी उचलायचे. तेव्हा गुलटेकडीला मार्केट यार्ड नव्हते. भाजी मंडईत यायची आणि धान्य, गूळ भवानी पेठ, नाना पेठ इकडे. दिवसभर ओझी वाहून ते रात्री नाटकाला जायचे आणि सगळ्यात स्वस्त जागेवर बसायचे. एक पद आवडले की लोक वन्स मोअर म्हणून ओरडायचे. बालगंधर्व परत गायचे, परत ओरडले की परत गायचे. असे करत पहाट व्हायची. तिथून ते तसेच कामावर जायचे. एवढी झोप मोडून माणूस जातो म्हणजे गाणे कसे असेल बघा.

१९१९ साली राम गणेश गडकरी यांचे एकच प्याला आले. गडकरी त्याआधीच वारले होते. त्यांना प्रयोग पाहायला मिळाला नाही. यात बालगंधर्व सिंधू झाले. सिंधूचा नवरा दारू पितो आणि घर बुडवतो. नेहमी शालू नेसणारे बालगंधर्व यात फाटके ठिगळाचे लुगडे नेसून जात्यावर दळायला बसले आणि सगळे नाटकघर रडले. दारूची गोष्ट आपल्या गावात कोणाला समजावून सांगायची गरज नाही.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत एक वेगळाच प्रयोग झाला. दोन कंपन्या मिळून मानापमान. बालगंधर्व भामिनी आणि ललितकलादर्श कंपनीचे केशवराव भोसले धैर्यधर. दोघेही एक नंबरचे गाणारे. जमलेले पैसे टिळक स्वराज्य फंडाला दिले. त्यानंतर तीनच महिन्यांनी केशवराव वारले, म्हणून त्या प्रयोगाची अजून आठवण काढतात.

बालगंधर्वांची एक गोष्ट मात्र मला पटत नाही. ते खर्च फार करायचे. खरे भरजरी शालू, खरे गालिचे, खरे अत्तर. १९२० साली द्रौपदी नाटकात मयसभा दाखवायला त्यांनी पाण्यासारखा पैसा ओतला. प्रेक्षक मायबाप आहेत, त्यांना खोटे दाखवायचे नाही असे त्यांना वाटे. पण हिशोब बघायला वेळ कोणाला? शेवटी कंपनीवर लाखाच्या पुढे कर्ज निघाले. तेव्हाचे लाख म्हणजे किती ते बाईंना विचारा. कर्ज म्हणजे काय ते मला माहीत आहे. गेल्या वर्षी शेवंतीचे भाव पडले. हमाली, तोलाई, गाडीभाडे वजा जाऊन पट्टीवर जे पैसे राहिले ते अण्णांनी दोनदा मोजले. घरी आल्यावर ते जेवले नाहीत. व्यापाऱ्याकडून आधी उचल घेतलेली होती, ती तशीच राहिली. अण्णांनी या वर्षी ती फेडली. बालगंधर्वांनीही काही वर्षे गावोगाव प्रयोग लावून सगळे कर्ज फेडले. बुडवले नाही. खर्चाबद्दल मी रागावलो होतो, पण हे वाचल्यावर राग गेला.

मग बोलपट आले. तिकीट कमी आणि गाणी भरपूर. नाटकाची थिएटरे बोलपटांची झाली आणि कंपन्या एकेक बंद पडल्या. बालगंधर्वांनीही १९३५ साली प्रभात कंपनीच्या धर्मात्मा बोलपटात काम केले. त्यात ते संत एकनाथ झाले, म्हणजे पुरुषाचे काम. व्ही. शांताराम यांनी तो बोलपट काढला. पण समोर माणसे नाहीत, टाळी नाही, वन्स मोअर नाही, नुसता कॅमेरा. त्यांना करमेना. ते परत नाटकाकडे आले. वय झाले तरी बाईचे काम करायचे. काही लोक आता हसू लागले. पुढे १९३८ पासून गोहरबाई कर्नाटकी त्यांच्या नाटकांत नायिका होऊ लागल्या. पुरुषाने बाई व्हायचे दिवस संपले होते.

शेवटची वर्षे हलाखीची गेली. पाय लुळे पडले. चालता येईना. तरी कोणी भेटायला आले की ते देवा अशी हाक मारत आणि बसल्या जागी भजन म्हणत. १९६४ साली सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. मुलांनो, पुण्यात मुठा नदीच्या काठी, जंगली महाराज रस्त्यावर बालगंधर्व रंगमंदिर आहे. त्याची कोनशिला ८ ऑक्टोबर १९६२ रोजी खुद्द बालगंधर्वांच्या हातून बसवली. पु. ल. देशपांडे यांनी त्या कामात फार लक्ष घातले. मार्केट यार्डापासून ते काही फार लांब नाही, पण आमचा टेंपो माल उतरला की परत फिरतो, म्हणून मी आत गेलेलो नाही. आत चित्रकार गोपाळ देऊसकर यांनी काढलेली त्यांची दोन मोठी चित्रे आहेत. एकात ते पुरुषाच्या पोशाखात आहेत आणि दुसऱ्यात बाईच्या. रंगमंदिराचे उद्घाटन त्यांच्या वाढदिवशी, २६ जून १९६८ रोजी झाले. ते जाऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते.