डायलिसिसवर राहून सत्तापालट घडवणारे जेपी, आणि मधुमेहात किडनीचं नेमकं काय होतं?

जयप्रकाश नारायण म्हटलं की आणीबाणी आठवते. पण आयुष्याची शेवटची जवळपास चार वर्षं जेपी डायलिसिसवर होते, हे फारसं सांगितलं जात नाही.

जन्म ११ ऑक्टोबर १९०२, सिताबदियारा. अमेरिकेत शिक्षण, १९४२ च्या चळवळीत हजारीबाग तुरुंगाची भिंत ओलांडून पलायन, पुढे भूदान. १९७४ मध्ये बिहारच्या विद्यार्थ्यांनी त्यांना नेतृत्व करायला सांगितलं, तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती आणि मधुमेहही जडलेला होता.

२६ जून १९७५ च्या पहाटे त्यांना अटक झाली. चंदीगडला नजरकैदेत तब्येत ढासळत गेली. नोव्हेंबरमध्ये सुटका झाली आणि त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणलं गेलं. दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. कोठडीतल्या उपचारांवर संशय घेतला गेला, वादही झाला. त्यामुळे एकट्या मधुमेहावर बोट ठेवता येत नाही. पण मधुमेह किडनीला कसा पोखरतो, हे समजून घ्यायलाच हवं.

आधी गळती, मग बिघाड

प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. रक्तात साखर सतत जास्त राहिली की या गाळण्यांवरचा दाब वाढतो आणि त्यांच्या भिंती जाड होत जातात. मग अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीतून गळू लागतं. तेव्हा ना दुखतं, ना सूज येते. पुढे रक्तदाब वाढतो, गाळण्या एकेक करून बंद पडतात आणि क्रिएटिनिन चढतं. पाय सुजणं, मळमळ, धाप ही लक्षणं दिसेपर्यंत बरंच नुकसान झालेलं असतं. या सगळ्याला बहुतेकदा दहा-पंधरा वर्षं किंवा त्याहून जास्त काळ लागतो.

मशीन आणि राजकारण

जेपींच्या डायलिसिस मशीनसाठी लोकांनी एकेक रुपया दिला. पंतप्रधान निधीतली मदत त्यांनी घेतली नाही. त्याच अवस्थेत त्यांनी १९७७ च्या निवडणुकीत विरोधकांना एकत्र आणलं आणि काँग्रेस केंद्रातून पहिल्यांदाच पायउतार झाली. ८ ऑक्टोबर १९७९ ला, ७७ व्या वाढदिवसाच्या तीन दिवस आधी, पाटण्यात त्यांचं निधन झालं.

आज ही गळती लवकर पकडता येते. टाइप २ मधुमेह असेल तर निदान झाल्यापासूनच दरवर्षी लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन तपासायचं. साखर आणि रक्तदाब आटोक्यात ठेवले, वेळेत औषधं सुरू केली, तर डायलिसिसची वेळ लांबवता येते, अनेकदा टाळताही येते.