अमानत जपणारी नूर

रोजा पोटाचा असतो, तसाच जिभेचाही असतो. खोटे बोलू नये, चहाडी करू नये, ही रमजानची शिकवण घराघरांत दिली जाते. पण दुसऱ्यांचे जीव आपल्या जिभेवर अवलंबून असतील, तर गप्प राहणे हीच अमानत ठरते. अमानत म्हणजे कुणी विश्वासाने आपल्याकडे सोपवलेली ठेव. ही ठेव प्राणांपलीकडे जपणाऱ्या मुलीचे नाव नूर इनायत खान.

नूरचे घराणे बडोद्याचे. पणजोबा मौलाबक्ष यांनी सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने १८८६ मध्ये बडोद्यात गायनशाळा सुरू केली. वडील हजरत इनायत खान हे गवई आणि वीणावादक. सूफी विचार आणि संगीत घेऊन ते १९१० मध्ये पश्चिमेकडे गेले. आई अमेरिकन, लग्नानंतर त्या अमीना बेगम झाल्या. १ जानेवारी १९१४ रोजी मॉस्कोत नूरचा जन्म झाला. पुढे पॅरिसजवळच्या सुरेन गावी ‘फजल मंजिल’ या घरात हे कुटुंब स्थिरावले.

१९२७ मध्ये दिल्लीत वडिलांचे निधन झाले. हजरत निजामुद्दीन दर्ग्याजवळ त्यांची मजार आहे. आई दुःखाने खचली आणि तेरा वर्षांच्या नूरने तीन धाकट्या भावंडांना सांभाळले. ती वीणेसारखे हार्प हे वाद्य शिकली, बालमानसशास्त्र शिकली, मुलांसाठी गोष्टी लिहू लागली. बुद्धाच्या वीस जातककथा तिने इंग्रजीत सांगितल्या. ते पुस्तक १९३९ मध्ये निघाले. त्याच वर्षी महायुद्ध पेटले.

जून १९४० मध्ये जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या. खान कुटुंब इंग्लंडला निघून गेले. मागे राहिलेल्यांचे जगणे पार बदलले. घड्याळे बर्लिनच्या वेळेवर लावली गेली. पाव कुपनावर मिळू लागला, रात्री संचारबंदी लागली. सर्वांत वाईट दिवस ज्यूंच्या वाट्याला आले. जून १९४२ पासून सहा वर्षांवरील प्रत्येक ज्यूला कपड्यावर पिवळा तारा शिवणे सक्तीचे झाले. १६ आणि १७ जुलैला फ्रेंच पोलिसांनीच सुमारे १३ हजार ज्यूंना घरांतून उचलले. त्यांत चार हजारांहून अधिक मुले होती. त्यांतील बहुतेकांना पुढे आउश्वित्झच्या छळछावणीत पाठवले गेले.

नूर अहिंसेच्या संस्कारांत वाढली होती. तरीही हा अन्याय स्वस्थ बसून पाहणे तिला जमेना. ब्रिटिश हवाई दलाच्या महिला शाखेत ती वायरलेस शिकली आणि नंतर गुप्त सेवेत दाखल झाली. ही स्वप्नाळू मुलगी खोटे कसे बोलणार, अशी शंका काही प्रशिक्षकांनी नोंदवली होती. पण ती फ्रेंच अस्खलित बोले आणि वायरलेस चालवणारी माणसे कमी होती. जून १९४३ मध्ये एका रात्री छोट्या विमानाने तिला फ्रान्समध्ये उतरवण्यात आले.

काही दिवसांतच तिच्या गटातील माणसे एकापाठोपाठ पकडली गेली. लंडनने तिला परत बोलावले. पॅरिसचा लंडनशी संपर्क तुटेल म्हणून ती थांबली. जड यंत्र पेटीत घालून ती घरे बदलत राहिली, कारण संदेश कुठून जातो हे शोधणाऱ्या जर्मन गाड्या शहरभर फिरत असत. जुन्या ओळखीच्या लोकांनी तिला आसरा दिला. दार उघडणारा प्रत्येक जण स्वतःचा जीव धोक्यात घालत होता.

ऑक्टोबरमध्ये कुणीतरी पैशांसाठी तिचा ठावठिकाणा जर्मनांना कळवला, असे मानले जाते. पाठवलेल्या संदेशांची वही तिने जपून ठेवली होती. तीही त्यांच्या हाती लागली. तिच्या आधारे जर्मनांनी लंडनला फसवले आणि नवे हेर उतरताच पकडले गेले. तिच्या आयुष्यातील हे दुःख झाकून ठेवू नये. पण चौकशीत नूरने साथीदारांची नावे दिली नाहीत. हे तिला कैदेत ठेवणाऱ्या अधिकाऱ्यानेच युद्धानंतर सांगितले.

दोनदा तिने पळण्याचा प्रयत्न केला. पुन्हा पळणार नाही, असे लिहून देण्यास नकार दिल्यावर तिला जर्मनीतील फोर्झहाइमच्या तुरुंगात हलवण्यात आले. तिथे हातापायांत साखळदंड आणि सुमारे दहा महिने एकांतवास. शेजारच्या कोठड्यांतील फ्रेंच स्त्रियांना ती जेवणाच्या भांड्याच्या बुडावर अक्षरे कोरून निरोप देई. १३ सप्टेंबर १९४४ च्या पहाटे डाखाऊच्या छळछावणीत तिला आणि आणखी तीन महिला हेरांना गोळ्या घालण्यात आल्या. नूर तीस वर्षांची होती.

१९४९ मध्ये ब्रिटनने तिला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस दिला. फ्रान्सनेही तिचा गौरव केला. लंडनच्या गॉर्डन स्क्वेअरमध्ये २०१२ पासून तिचा अर्धपुतळा आहे.

हिजरी पंचांग उघडले की दिसते, ती पहाट रमजान १३६३ च्या तिसऱ्या अशऱ्यातील होती. म्हणजे हेच अखेरचे दहा दिवस, ज्यांच्या रात्री आपण जागून काढतो. या रात्री दुआसाठी हात उठतील, तेव्हा नूरची आठवण ठेवू या. तिला दार उघडणाऱ्यांची ठेवू या, आणि जुलैच्या त्या दोन दिवसांत घरांतून नेलेल्या मुलांचीही.