पंडिता रमाबाई आणि केडगावचे मुक्तिसदन

आपल्या महोत्सवाच्या या स्मरणिकेत आम्ही जिचे चरित्र सांगणार आहोत, ती स्त्री आमच्या कॅथोलिक ख्रिस्तसभेची नव्हती. हे मुद्दाम आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे कोणास मागाहून नवल वाटावयास नको. महोत्सवानिमित्त वृद्ध, अंध व अपंग बांधवांकरिता एक घर बांधावे, असा विचार आपल्यात चालला आहे. भिंती कशाच्या, खोल्या किती, खर्च केवढा, याविषयी पुष्कळ बोलणे झाले. परंतु त्या घरात राहणाऱ्या माणसाशी कसे वागावे, याविषयी फारसे झाले नाही. तो धडा महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंइतका स्पष्टपणे क्वचितच कोणी घालून दिला असेल.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकापवाद सोसून पत्नीस संस्कृत शिकविले, आणि त्या माउलीने ती विद्या कन्येस दिली. पुराण सांगत तीर्थोतीर्थी हिंडणाऱ्या या कुटुंबास मद्रास इलाख्यातील दुष्काळाने गाठले. वडील, आई व थोरली बहीण एकामागून एक गेली. रमाबाई तेव्हा विशीच्याही आत होत्या. भूक माणसाचे शरीरच नव्हे, तर लाजही कशी खाऊन टाकते, हे त्यांनी तेव्हाच अनुभवले. पुढे भाऊ श्रीनिवास यांजसह पायी भ्रमण करीत त्या 1878 साली कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. 1880 साली भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि 1882 साली पटकीने पतीही गेले. कडेवर मनोरमा ही लहानगी कन्या उरली.

1883 साली वैद्यक शिकण्याच्या हेतूने त्या इंग्लंडास गेल्या. परंतु त्यांस ऐकू कमी येत असे, आणि त्या उणिवेमुळे वैद्यकाचे द्वार बंद झाले. पुढे हजारो अनाथ व अपंगांची माता झालेली ही बाई स्वतः कानांनी अधू होती, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. वाँटेज येथे अँग्लिकन पंथाच्या धर्मभगिनींकडे त्या राहिल्या, आणि त्याच वर्षी त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या भगिनींनी त्यांस लंडनजवळील फुलम येथील आपले घर दाखविले. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रिया तेथे राहात. ज्यांची सावलीही कोणी घेऊ नये, त्यांच्याशी भगिनी किती मायेने वागतात, हे पाहून रमाबाईंनी या मायेचे मूळ विचारले. तेव्हा प्रभू येशू व शोमरोनी स्त्री यांची विहिरीवरील कथा त्यांस सांगण्यात आली. त्यांस ख्रिस्ताकडे ओढून घेणाऱ्या गोष्टींत एका सेवाश्रमातील वागणूकही होती, हे विशेष होय.

अमेरिकेतील साहाय्यकांच्या बळावर 11 मार्च 1889 रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले आणि पुढल्या वर्षी ते पुण्यास नेले. 1893 साली तेथे मोठे वादळ झाले. मुलींस ख्रिस्ती धर्माकडे वळविले जाते, अशा आक्षेपावरून न्या. रानडे व डॉ. भांडारकर यांनी संबंध तोडला आणि कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. आम्ही स्वतः धर्मगुरू आहोत, तरी आमचे मत असे की, हा प्रश्न केवळ द्वेषाने उठला नव्हता. जो आपल्या हातचे अन्न खातो, त्याचा होकार खरोखर मोकळा आहे की नाही, हे आश्रम चालविणाऱ्याने स्वतःस नित्य विचारावे.

1896-97 च्या दुष्काळात मध्यप्रांतातून त्यांनी शेकडो स्त्रिया व मुली आणल्या. पुण्यात प्लेग शिरला होता, म्हणून या सर्वांस सुमारे 34 मैलांवरील केडगावच्या माळावर हलविणे भाग पडले. सरकारी प्लेगइस्पितळांत व छावण्यांत स्त्रियांच्या अब्रूचे रक्षण होत नाही, असे त्यांनी 1897 साली वृत्तपत्रात नावानिशी लिहिले. सरकारचा रोष होईल, ही भीती त्यांनी बाळगली नाही. आपल्या घरची मुलगी परक्या छपराखाली कशी ठेवली गेली, याचा जाब विचारणे त्या आपले कर्तव्यच समजत.

24 सप्टेंबर 1898 रोजी मुक्तिसदनाची स्थापना झाली. 1900 च्या गुजराती दुष्काळानंतर तेथील संख्या दीड हजारांहून वर गेली. आलेल्या मुली शांत, कृतज्ञ अशा नव्हत्या. उपासमारीने त्यांची तोंडे सडलेली, अंगे फोडांनी भरलेली. त्या अन्न लपवीत, भांडत, चोरीही करीत. रमाबाईंनी त्यांस जमावात सोडले नाही. शारदा सदनातील जुन्या मुलींकडे नव्यांची जबाबदारी दिली, जेणेकरून प्रत्येकीस हाक मारण्यास कोणी असावे. एवढ्या मोठ्या संख्येत उणिवा राहिल्या नसतील, असे आम्ही म्हणत नाही. परंतु सर्वांस एकाच साच्यात घालण्याची चूक त्यांनी केली नाही. आपद्ग्रस्त स्त्रियांस कृपासदन, वृद्ध व दुर्बळांस प्रीतिसदन, अंधांस बार्तिमी सदन, अशी निरनिराळी घरे त्यांनी केली. शेती, विणकाम, गुरेढोरे, छापखाना, ज्यास जे साधेल ते काम होते. मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी शिकून घेतली व अंध मुलींस बोटांनी वाचावयास शिकविले.

येथे गतवर्षीची एक गोष्ट सांगावीशी वाटते. आम्ही एका आश्रमास गेलो होतो. फरशी लखलखीत, चादरी शुभ्र. कोपऱ्यात एक अंध आजी भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिचे नाव विचारले, तो सेवकाने खाटेचा क्रमांक सांगितला. आम्ही जवळ जाऊन पुसले, तेव्हा तिने नाव तर सांगितलेच, वर आपल्यास खिडकीपाशी बसावयास आवडते, असेही सांगितले. खिडकी चार पावलांवर होती. यरीहोच्या वाटेवरील बार्तिमय आंधळा आहे, हे प्रभूस दिसत होते. तथापि तुला काय हवे, हे त्याने आधी विचारले. केडगावच्या त्या घरास रमाबाईंनी त्याचेच नाव द्यावे, हे आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते.

उत्तरायुष्यात रमाबाई मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर करीत होत्या. सदनातील स्त्रियांच्या हातांनीच त्याची छपाई होत असे. जुलै 1921 मध्ये मनोरमाबाई वारल्या. ज्या कन्येवर सर्व भार सोपवावयाचा, तीच पुढे गेली. पुढील वर्षी, 5 एप्रिल 1922 रोजी, रमाबाईंनी केडगावी देह ठेवला. भाषांतर 1924 साली प्रसिद्ध झाले. मुक्तिसदन मात्र थांबले नाही. दौंड तालुक्यातील त्या माळावर ते आजही चालू आहे. आपल्या घराचा पाया घालण्यापूर्वी समितीच्या सभासदांनी तेथे जाऊन एक दिवस राहून यावे, अशी आमची विनंती आहे. आम्हीही बरोबर येऊ.