लॉर्ड रिपन : स्थानिक स्वराज्याचे जनक

ग्रामपंचायत अथवा नगरपालिका म्हटली म्हणजे रस्ता, विहीर, दिवा आणि घरपट्टी एवढेंच आपल्या डोळ्यांपुढें येतें. परंतु आपल्या गांवचा कारभार आपणच पाहावा, ह्या अधिकाराच्या इतिहासांत एका श्रद्धावान कॅथॉलिक गृहस्थाचें नांव ठळकपणें येतें, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. म्हणून ह्या महोत्सवप्रसंगीं लॉर्ड रिपन ह्यांचें अल्पचरित्र वाचकांस सादर करणें आम्हांस उचित वाटतें.

जॉर्ज फ्रेडरिक सॅम्युएल रॉबिन्सन ह्यांचा जन्म २४ ऑक्टोबर १८२७ रोजीं लंडन येथें पंतप्रधानांच्या निवासस्थानीं झाला. त्या वेळीं त्यांचे वडीलच इंग्लंडचे पंतप्रधान होते. वैभवांत वाढूनहि त्यांचें मन कामकरीवर्गाच्या चळवळीकडे ओढलें गेलें. सामान्य जनांस राज्यकारभारांत वांटा मिळाला पाहिजे, अशा आशयाची एक पुस्तिका त्यांनीं १८५२ सालीं लिहिली; ती इतकी जहाल वाटली कीं त्यांच्या वडीलधाऱ्या स्नेह्यांनींच ती प्रसिद्ध होऊं दिली नाहीं. पुढें ते युद्धमंत्री व भारतमंत्री झाले, आणि अमेरिकेशीं वॉशिंग्टनचा तह घडवून आणल्याबद्दल १८७१ सालीं त्यांस मार्क्विस ही पदवी मिळाली.

ह्या समयीं ते इंग्लंडांतील फ्रीमेसन मंडळाचे प्रमुख होते. परंतु सत्याचा शोध घेतां घेतां त्यांची बुद्धि ख्रिस्तसभेकडे वळली. त्यांनीं तें प्रमुखपद सोडलें आणि ७ सप्टेंबर १८७४ रोजीं लंडनच्या ब्रॉम्प्टन ऑरेटरींत कॅथॉलिक धर्म स्वीकारला. वृत्तपत्रांनीं त्यांजवर टीकेची झोड उठविली; त्यांचें राजकीय जीवन संपलें असेंच पुष्कळांस वाटलें. तथापि १८८० सालीं ग्लॅडस्टन ह्यांनीं त्यांसच हिंदुस्थानचे व्हाइसरॉय नेमलें. प्रॉटेस्टंट मंडळींनीं निषेध केला, पण नेमणूक टळली नाहीं.

येथें येतांच त्यांनीं अनेक सुधारणा हातीं घेतल्या. १८८१ च्या फॅक्टरी कायद्यानें सात वर्षांखालील मुलांस कारखान्यांत कामास लावण्यास बंदी झाली. देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा १८८२ सालीं रद्द झाला. परंतु त्यांचें सर्वांत मोठें कार्य म्हणजे १८ मे १८८२ चा स्थानिक स्वराज्याचा ठराव होय. स्थानिक मंडळांत निदान दोनतृतीयांश सभासद बिनसरकारी असावेत. शक्य तेथें ते निवडणुकीनें यावेत. अध्यक्षहि होतां होईल तों सरकारी अधिकारी नसावा. आणि सरकारनें आंत बसून हुकूम न सोडतां बाहेरून देखरेख ठेवावी, असें त्यांत सांगितलें होतें. मंडळाचा प्रदेश लहान, तालुक्याएवढा असावा, म्हणजे सभासदांस तेथील गरजांची प्रत्यक्ष माहिती असेल, असाहि त्यांत विचार होता.

लोक कारभार नीट चालवितील काय, ही शंका अधिकारीवर्गानें घेतली. रिपन ह्यांचें म्हणणें असें कीं, आरंभीं कारभार कलेक्टरापेक्षां चांगला होणार नाहीं. पण लोकांस राजकीय शिक्षण मिळावें हाच ह्या योजनेचा मुख्य हेतु आहे. पाण्यांत उतरल्यावांचून पोहतां येत नाहीं, हें त्यांनीं ओळखलें होतें.

तथापि प्रांतिक सरकारांनीं ठरावाची धार बोथट केली. आपल्या मुंबई इलाख्यांत १८८४ च्या कायद्यानें जिल्हा व तालुका लोकलबोर्डें आलीं. शेतसाऱ्याच्या दर रुपयामागें एक आणा ह्या करावर त्यांनीं रस्ते, शाळा व दवाखाने चालवावयाचे होते. परंतु मतदार थोडे, पैसा थोडा, आणि जिल्हा बोर्डाच्या अध्यक्षस्थानीं पुष्कळ वर्षें कलेक्टरच बसत राहिले. इकडे, मुफसलांत हिंदी न्यायाधीशांस युरोपियन आरोपींचे खटले चालवितां यावेत म्हणून १८८३ सालीं इल्बर्ट बिल आलें, तेव्हां युरोपियनांनीं एवढें काहूर माजविलें कीं रिपन ह्यांस तडजोड करावी लागली. आरोपीस निदान अर्धे युरोपियन असलेली ज्यूरी मागण्याचा हक्क राहिला आणि समतेचें तत्त्व लंगडें झालें. ही माघार आम्ही झांकून ठेवीत नाहीं. परंतु लोकांनीं यशापेक्षां हेतु पाहिला. डिसेंबर १८८४ मध्यें ते मुंबईमार्गें स्वदेशीं जावयास निघाले, तेव्हां वाटेंतील शहरोशहरीं हजारों लोकांनीं त्यांस निरोप दिला. पुढल्याच वर्षीं मुंबईंत राष्ट्रीय सभा भरली.

९ जुलै १९०९ रोजीं रिपन ह्यांनीं देह ठेविला. चेन्नई महानगरपालिकेची इमारत आजहि त्यांचेंच नांव धारण करिते. त्यांनीं पेरलेलें बीज मात्र फार सावकाश वाढलें. ग्रामपंचायती व नगरपालिका ह्यांस राज्यघटनेचें संपूर्ण संरक्षण मिळावयास १९९३ साल उजाडावें लागलें.

आमच्या मतें त्यांच्या धर्मांतराचा आणि राजनीतीचा उगम एकच होता. मनुष्यास सदसद्विवेकबुद्धि दिलेली आहे, आणि तिचा निर्णय दुसऱ्यानें त्याच्यासाठीं करावयाचा नसतो. स्वतः हें मूल्य मोजून शिकलेल्या ह्या पुरुषानें परक्या प्रजेवरहि तोच विश्वास टाकला. आतां तो हक्क आपल्या हातीं पूर्णपणें आला आहे. ग्रामसभेच्या दिवशीं आपण घरीं बसून राहिलों आणि नंतर ओट्यावर बसून सरपंचास बोल लावला, तर लोकांस कारभार करतां येणार नाहीं असें म्हणणाऱ्या त्या जुन्या अधिकाऱ्यांचेंच म्हणणें आपण खरें केल्यासारखें होईल.