चाल कुणाची, पद कुणाचे? अण्णासाहेब किर्लोस्करांचे स्मरण

कार्तिकी एकादशी जवळ आली की उज्जैनला कालिदास समारोहाचे वेध लागतात. १९५८ साली सुरू झालेल्या या समारोहात आपल्या समाजाची मंडळी दरवर्षी प्रेक्षक म्हणून, कधी कलावंत म्हणून, तर कधी नुसतीच मदतीला म्हणून जात असतात. नेमक्या याच दिवसांत आणखी एका माणसाची आठवण करावी असे आम्हांला वाटते. कालिदासाची शकुंतला ज्यांनी मराठीत गाती केली ते बळवंत पांडुरंग किर्लोस्कर, म्हणजेच अण्णासाहेब. ३१ ऑक्टोबर हा त्यांच्या 'संगीत शाकुंतल'च्या पहिल्या प्रयोगाचा दिवस आणि २ नोव्हेंबर हा त्यांचा स्मृतिदिन.

या वेळी त्यांच्याविषयी लिहायला एक निमित्तही झाले. आपल्याकडची तरुण मुले हल्ली मोबाइलवर गाण्यांची मुळे शोधत असतात. आपण लहानपणापासून आपली म्हणून ऐकलेली अनेक चित्रपटगीते कुठल्या ना कुठल्या परदेशी चालीवर बेतलेली आहेत, असा शोध त्यांना लागतो. १९६१च्या 'छाया' चित्रपटातले लता-तलत यांचे प्रसिद्ध युगलगीत मोझार्टच्या ४०व्या सिंफनीवरून आले, हे कळल्यावर घरातल्या मोठ्यांचे चेहरे पाहण्यासारखे होतात. मग मुले विचारतात, निदान आपले नाट्यसंगीत तरी अस्सल आहे ना? या प्रश्नाला आम्ही चटकन हो म्हणून टाकले होते. नंतर घरातली जुनी नाटकाची पुस्तके उघडली आणि ते उत्तर गिळावे लागले.

अण्णासाहेबांचा जन्म ३१ मार्च १८४३ रोजी गुर्लहोसूर येथे झाला. हे गाव आज कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यात आहे. किर्लोस्करवाडीचे उद्योगपती लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचेही जन्मगाव हेच. १८४३ हे सालही मोठे योगायोगाचे. त्याच वर्षी विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर'चा खेळ केला आणि मराठी रंगभूमीचा आरंभ झाला असे आपण मानतो. तो खेळ करण्याची प्रेरणा सांगलीत आलेल्या कानडी भागवत मंडळींच्या खेळांमुळे मिळाली होती. म्हणजे मराठी नाटकाच्या पाळण्याची दोरी पहिल्यापासून कानडी हातात होती.

अण्णासाहेबांच्या घरी मराठी आणि भोवती कानडी. लहानपणी कानावर पडले ते कीर्तन, कानडी खेळांतली गाणी, बायकांची गाणी आणि लावण्या. उज्जैनच्या मराठी घरांना ही स्थिती समजावून सांगायला नको. घरात एक बोली, दाराबाहेर दुसरी, आणि गुणगुणताना कोणती कुठली हे लक्षात न येणे, हे आपल्याही अंगवळणी पडलेले आहे.

शिक्षणासाठी ते पुण्यास आले, पण अभ्यासापेक्षा नाटकाचा नाद जबर. नाटकमंडळ्यांना पदे रचून देण्यात दिवस जाऊ लागले आणि परीक्षा मागे पडली. १८६६ साली त्यांनी भरतशास्त्रोत्तेजक मंडळी नावाची नाटकमंडळी काढली. ती फार चालली नाही. पुढे बेळगावात शिक्षकाची नोकरी केली, काही काळ पोलीस खात्यात काढला, आणि अखेर पुण्यात रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत ते कामाला लागले. बेळगावच्या शाळेत त्यांचे एक विद्यार्थी होते गोविंद बल्लाळ देवल, पुढे 'संगीत शारदा' लिहिणारे. १८७३ साली अण्णासाहेबांचे 'शांकरदिग्जय' हे गद्य नाटक प्रसिद्ध झाले. तोवर त्यांनी तिशी गाठली होती, आणि नाव व्हावे असे काही हातून घडले नव्हते.

१८८० साली पुण्यात त्यांनी एका पारशी मंडळीचा गाण्यांनी भरलेला खेळ पाहिला. असे मराठीत का होऊ नये, हा विचार त्यांच्या मनात शिरला आणि त्यांनी हात घातला तो थेट कालिदासाच्या 'अभिज्ञानशाकुंतल'ला. कचेरीचे काम सांभाळून भाषांतर चालले, पदे रचली जाऊ लागली, तालमी सुरू झाल्या. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला. अण्णासाहेब स्वतः सूत्रधार, मोरोबा वाघोलीकर दुष्यंत, बाळकोबा नाटेकर कण्व आणि शंकरराव मुजुमदार शकुंतला. सातही अंकांचा प्रयोग त्यानंतर झाला. भाव्यांच्या खेळात गाण्याचा भार सूत्रधारावर असे. इथे दुष्यंत आपले मन आपणच गाऊन सांगू लागला, कण्व मुलीला निरोप देताना आपणच गाऊ लागला. प्रेक्षकांना हे नवे होते, आणि ते त्यांनी डोक्यावर घेतले.

आता पदांकडे येऊ. शाकुंतलातील पदांची संख्या दोनशेच्या घरात जाते. सरकारी नोकरी करणाऱ्या माणसाने इतक्या थोड्या काळात इतक्या चाली कशा बांधल्या असतील? उत्तर सोपे आहे. बहुतेक त्यांनी बांधल्याच नाहीत. साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत यांचे साचे कीर्तनात आणि जुन्या कवितेत तयार होते. बाकीच्या पदांसाठी त्यांनी लोकांच्या तोंडी असलेल्या चाली घेतल्या. काही कानडी गाण्यांच्या, काही लावण्यांच्या, काही घरगुती गाण्यांच्या, काही हिंदुस्थानी चिजांच्या. त्या चालींच्या मापात त्यांनी मराठी शब्द बसवले.

यात लपवाछपवी मुळीच नव्हती. जुन्या छापील नाटकाचे कोणतेही पुस्तक उघडून पाहा. पदाच्या माथ्यावर राग आणि ताल असतो आणि त्याच्याच शेजारी चाल असा शब्द लिहून मूळ गाण्याचे पहिले शब्द दिलेले असतात. आम्ही ही पुस्तके लहानपणापासून हाताळली, त्यातली पदे पाठ केली, पण माथ्यावरची ती बारीक ओळ कधी नीट वाचली नव्हती. आम्ही शोध म्हणून जे मिरवायला निघालो होतो ते लेखकाने पहिल्याच दिवशी छापून ठेवले होते.

त्या ओळीचे काम मात्र ऋण मान्य करण्यापुरते नव्हते. त्या काळी ध्वनिमुद्रण नव्हते आणि स्वरलिपी नटांच्या हाती नव्हती. लांबच्या गावातल्या हौशी मंडळीने हे नाटक बसवायचे ठरवले तर पद कसे म्हणायचे हे कळणार कसे? ओळखीच्या गाण्याचे नाव सांगितले की काम भागे. नटाला नवी चाल पाठ करावी लागत नसे, शब्द तेवढे नवे. आणि प्रेक्षकाला पहिल्या दोन सुरांत ओळख पटे. नव्या तऱ्हेचे नाटक पाहायला आलेल्या माणसाला परके वाटू नये, याची ती मोठी सोय होती.

मग अण्णासाहेबांचे स्वतःचे काय? आमच्या मते, निवड. कोणत्या प्रसंगी कोणती चाल बोलेल हे ओळखणे सोपे नाही. हसऱ्या लावणीच्या चालीवर विरहाचे शब्द बसवले तर फजिती होते. मुलगी सासरी निघाली आहे आणि अरण्यात राहणाऱ्या ऋषीचा गळा दाटला आहे, तिथे चाल साधी आणि संथ हवी. कुठे कोणती हे त्यांना अचूक कळत होते. दुसरे म्हणजे त्यांची भाषा. संस्कृत नाटकाचे ओझे न जाणवणारी, घरात बोलावी तशी मराठी त्यांनी चालीच्या लघुगुरूत बसवली आणि ती ओढूनताणून बसवल्यासारखी वाटली नाही. शाकुंतलाची नांदी असलेले 'पंचतुंड' आजही नाट्यसंमेलनांत आणि आपल्या मेळाव्यांत उभे राहून म्हटले जाते. नाटक न पाहिलेल्यांनाही ते पाठ असते.

१८ नोव्हेंबर १८८२ रोजी 'संगीत सौभद्र'चे पहिले तीन अंक पुण्यात रंगभूमीवर आले आणि पुढच्या वर्षी नाटक पूर्ण झाले. कथा महाभारतातली, पण माणसे आपल्या वाड्यातली वाटावीत अशी. रुसणारी, थापा मारणारी, लग्न जुळवणारी आणि मोडणारी. पदे शंभराहून अधिक, आणि चाली पुन्हा मिळतील तिथून घेतलेल्या. याच सुमारास बडोद्याहून भाऊराव कोल्हटकर मंडळीत आले. त्यांच्या आवाजाने सुभद्रेची पदे घरोघर पोहोचली. मूळ गाणी ज्यांनी कधी ऐकली नव्हती, त्यांना ही पदेच मूळ वाटू लागली.

इथेच आम्हांला थोडे थांबावेसे वाटते. अण्णासाहेबांनी घेतले ते उघडपणे घेतले, हे खरे. पण ज्या कानडी खेळकऱ्यांनी, ज्या कीर्तनकारांनी आणि लावणी गाणाऱ्या ज्या स्त्रियांनी त्या चाली घडवल्या, त्यांची नावे त्या ओळीतही नाहीत. गाण्याचे पहिले शब्द उरले, गाणारे गेले. पुढे तबकड्या आल्या, रेडिओ आला, कार्यक्रमपत्रिका छापल्या जाऊ लागल्या. त्यांवर गायकाचे नाव राहिले, नाटकाचे राहिले, लेखकाचेही राहिले. चालीची ओळ मात्र गळून पडली. ती अण्णासाहेबांनी पुसली नाही. ती आपण पुसली, त्यांच्या नंतरच्यांनी, आणि मग नाट्यसंगीत म्हणजे निखळ मराठी मातीतले असे अभिमानाने सांगू लागलो. कानडी मुलखात जन्मलेल्या, कानडी गाणी ऐकत वाढलेल्या माणसाला हे ऐकून हसूच आले असते.

चाली घेण्याचा हा रिवाज पुढेही चालू राहिला. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी पारशी रंगभूमीकडच्या चाली आणल्या. १९११च्या 'मानापमान'ला गोविंदराव टेंब्यांनी उत्तरेकडच्या गायकीचा साज चढवला. १९१६च्या 'स्वयंवर'मध्ये भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या घरंदाज बंदिशी पदांना दिल्या. बालगंधर्वांच्या गळ्यातून आपण जे ऐकतो त्यात आग्रा, ग्वाल्हेर आणि जयपूर या घराण्यांची दौलत आहे. आपल्या आजोबांनी ज्या पदांवर जीव टाकला त्यांची पणजी कुठे तरी उत्तरेत, नाही तर तुंगभद्रेच्या काठी असते.

आणि शकुंतला तरी कालिदासाची एकट्याची होती का? तिची कथा महाभारताच्या आदिपर्वातली. कालिदासाने ती उचलली, तिच्यात दुर्वासाचा शाप घातला, हरवलेली अंगठी घातली, आणि साऱ्या जगाने शकुंतलेला त्याच्या नावाने ओळखले. ज्या नगरीशी परंपरेने त्याचे नाव जोडलेले आहे त्या नगरीत राहून, घेतलेल्या गोष्टीला उसनी म्हणून नाक मुरडण्याचा अधिकार आपल्याला कसा पोहोचेल? घेणाऱ्याने तिच्यात काय घातले आणि कुणाकडून घेतले हे सांगितले का, एवढे दोन प्रश्न विचारावेत. अण्णासाहेब या दोन्ही प्रश्नांत उत्तीर्ण आहेत.

त्यांना आयुष्य फार लाभले नाही. 'रामराज्यवियोग' हे तिसरे संगीत नाटक १८८४ साली रंगभूमीवर आले, त्याचे तीनच अंक झाले. ते अपुरेच राहिले. २ नोव्हेंबर १८८५ रोजी गुर्लहोसूर येथे त्यांचे निधन झाले. वय अवघे ४२. पहिल्या शाकुंतलापासून शेवटच्या दिवसापर्यंत मोजली तर जेमतेम पाच वर्षे. तेवढ्यात त्यांनी जे उभे केले त्यावर मराठी रंगभूमी पुढची पन्नास वर्षे गात राहिली. ते गेल्यावरही किर्लोस्कर मंडळी चालली, आणि १९०५ साली तिच्यात आलेल्या नारायण राजहंसांनी, म्हणजे बालगंधर्वांनी, पहिली मोठी भूमिका केली ती याच शकुंतलेची.

आपल्या समाजाच्या पुढच्या नाट्यगीतांच्या कार्यक्रमासाठी आमची एक छोटी सूचना आहे. ज्यांच्या घरी जुनी नाटकाची पुस्तके असतील त्यांनी ती माळ्यावरून काढावीत आणि आपण गाणार असलेल्या पदांच्या माथ्यावरची चालीची ओळ उतरवून आणावी. कार्यक्रमपत्रिकेत पदाखाली गायक आणि नाटककार यांच्या नावांबरोबर तीही छापू. निवेदन करणाऱ्या मुलांनी ती वाचून दाखवावी. मूळ गाणे कुणाला येत असेल, मग ते कानडी असो, ब्रजभाषेतले असो की आपल्या माळव्यातले, तर त्याने आधी ते चार सुरांत म्हणावे आणि मग पद सुरू व्हावे.

मुलांच्या प्रश्नाचे उत्तर त्यातून आपोआप मिळेल. आणि अण्णासाहेबांनी लिहिलेली ती बारीक ओळ पुन्हा तिच्या जागी जाईल.